एकेका माणसाचं एकेक पान

आमच्या कारखान्यातल्या बैठका चाळीस मिनिटांत संपतात, हे माझं कर्तृत्व म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आता सांगत नाही.

लातूरच्या एमआयडीसीत आमचा शेड आहे. आम्ही छोट्या डाळ गिरण्या बनवतो. मोठ्या डाळ मिलसारख्या अवाढव्य नव्हेत. गावातल्या बचत गटाच्या बायकांना एका खोलीत ठेवता येतील आणि घरच्या विजेवर चालवता येतील, एवढ्याच. तेल-पाणी लावून वाळवलेली तूर वरच्या तोंडातून ओतायची. त्या तोंडाला आम्ही हॉपर म्हणतो. आत खरखरीत रूळ फिरतो, टरफल सुटतं, खालून डाळ पडते. उजव्या बाजूला खाली मोटर, मोटरपासून रुळापर्यंत पट्टा, आणि कुणाचा हात किंवा पदर आत जाऊ नये म्हणून पट्ट्यावर लोखंडी जाळी. मशीन म्हणजे एवढंच.

माणसंही मोजकीच. मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात. पुण्याला शिकून परत आलेला इंजिनिअर. नवीन मशीनची आखणी त्याची. मिस्त्री, शेडचा पहिला पत्रा चढला तेव्हापासून इथंच असलेले. आखणी कागदावर कितीही छान असो, ती लोखंडात उतरते ती त्यांच्या हातून. आणि गावोगाव जाऊन बायकांना मशीन चालवायला शिकवणारी प्रशिक्षक, औसा तालुक्यातल्या एका गावची. ती मला ताई म्हणायची आणि मी तिला अगं-तूगं करायचे. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

खरेदी, गाड्या, कागदपत्रं आणि बैठका माझ्याकडे होत्या. मी आले तेव्हा बैठक म्हणजे नुसता कल्ला असायचा. इंजिनिअर मापं सांगायला लागला की मिस्त्री मध्येच म्हणायचे, "ते आसं बसतच न्हाई, मालूम हाय मला." मग साहेब तिसरंच काही काढायचे, प्रशिक्षक कुठल्या तरी गावातल्या सासू-सुनेचा किस्सा सांगायची, सगळे हसायचे, चहा यायचा, पुन्हा चहा यायचा. दोन तासांनी उठताना काय ठरलं ते कुणालाच सांगता यायचं नाही.

मी पहिल्याच महिन्यात वही आणली. जाड, निळ्या पुठ्ठ्याची. एकेका माणसाला एकेक पान. आठवडाभरात ज्यानं मला जे सांगितलं ते त्याच्या पानावर. बैठकीत मी क्रमानं पानं पुकारायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या पानाचंच बोलायचं. मिस्त्रींचं पान पहिलं, कारण ते बसून राहिले की काम थांबतं. त्यांचं झालं की ते उठून जायचे. प्रशिक्षकेनं तर यायचंच नाही. औशाहून यायचं-जायचं म्हणजे तिचा अर्धा दिवस वाया; तिनं मला फोनवर सांगावं, तिचं पान मी वाचून दाखवीन. प्रत्येक पानाला मधोमध रेघ. डावीकडे अडचण, उजवीकडे सूचना. अडचण त्याच बैठकीत घ्यायची, सूचना महिन्याच्या शेवटी एकदम.

घरी नवरा चेष्टा करायचा. "माझं पान कितवं? आणि मी कुठल्या बाजूला, अडचण का सूचना?" मी म्हणायचे, "तुमची पुरवणी लावावी लागेल." आम्ही हसायचो. मला या वहीचा मनापासून अभिमान होता.

त्या वर्षी आम्ही मशीनमध्ये सुधारणा करायला घेतली. जुन्या मशीनखाली जेमतेम एक घमेलं बसायचं. डाळ, चुरी आणि टरफल सगळं एकत्र पडायचं आणि बायकांना ते पुन्हा पाखडत बसावं लागायचं. इंजिनिअरनं खाली हलणारी चाळणी बसवायची ठरवली, म्हणजे तिन्ही वेगवेगळं पडेल. कल्पना चांगलीच होती. आजही चांगलीच आहे. फक्त चाळणीला जागा हवी म्हणून मशीनचे पाय नऊ इंचांनी वाढवावे लागणार होते.

त्याच सुमारास प्रशिक्षकेचा आठवड्याचा फोन आला. तिनं कुठल्या गटाचं शिकवणं झालं ते सांगितलं, मग हसत म्हणाली, "आन् ताई, आमच्या बायका तेलाचा डबा पालथा घालून त्याच्यावर चढून तूर ओतायल्यात. एकेक जण आशी चढती, जणू माहूरचा गडच चढायली."

मीही हसले. म्हटलं, "पडू नका म्हणावं."

"न्हाई पडत. पर मशीन जरा ठेंगणं करता येतंय का बघा, म्हणलं."

ती हसत बोलली होती, मशीन तर चालू होतं, म्हणून मी तिच्या पानावर उजवीकडे लिहिलं: बायका डब्यावर उभ्या राहून तूर ओततात. उंची कमी होईल का?

त्यानंतर दोन दिवसांनी मिस्त्री माझ्या टेबलापाशी आले. हाताला ग्रीस, म्हणून खुर्चीत बसले नाहीत. "ताई, पाय वाढिवले की पट्टा लांब होतो. जुनी जाळी बसना झाली. नवी वाकवून आणावी लागल, आठ-दहा दिस लागतील."

"नांदेडच्या प्रदर्शनाला किती दिवस राहिलेत?"

"तुमालाच म्हाईत. मला आपलं आठ-दहा दिस पाहिजेत."

नांदेडचं प्रदर्शन सहा दिवसांवर होतं. मी म्हटलं, "तिथं मशीन आपलीच माणसं चालवणार. जाळी मागून लावू." ते म्हणाले, "आपली मानसं आस्तील तर चालतंय." मी त्यांच्या पानावर लिहिलं: नवी जाळी, प्रदर्शनानंतर. त्याच्यापुढे बरोबरची खूण केली, कारण विषय मिटला होता.

मग बैठक झाली. मिस्त्रींचं पान पहिलं. ते म्हणाले, पाय तयार, जाळीचं ताईंशी बोललोय, आणि उठून गेले. मग इंजिनिअरचं पान: चाळणी, नऊ इंच, चाचणी उत्तम. साहेबांनी विचारलं, "उंचीनं काही फरक पडत नाही ना?" इंजिनिअर म्हणाला, "माझ्या छातीशी येतं सर. अगदी आरामात ओतता येतं." तो सहा फुटांना दोन बोटं कमी असेल. साहेबही उंच. मी बसलेली होते.

प्रशिक्षकेचं पान मी वाचलं. डावी बाजू वाचली. उजवी बाजू महिन्याच्या शेवटी वाचायची होती.

उरलेली पंचवीस मिनिटं रंगावर गेली. मशीन पोपटी करायचं की निळं. प्रदर्शन कधी आहे, स्टॉल कुठल्या कोपऱ्यात आहे, रंग कुठले उपलब्ध आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे बोलले. साहेबांची बायको काय म्हणते तेही चर्चेला आलं. निळा ठरला. मी घड्याळ पाहिलं तर अडतीस मिनिटं झाली होती. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मला लिहून ठेवायचं आहे.

नांदेडला मशीनभोवती गर्दी झाली. मिस्त्री वरून तूर ओतत होते, इंजिनिअर माहिती सांगत होता आणि खाली तीन वेगवेगळ्या घमेल्यांत तीन वेगवेगळे ढीग पडताना बघून बायका तोंडावर पदर घेऊन एकमेकींना ढोसत होत्या. प्रशिक्षक आमच्याबरोबर होती. तिला मी पत्रकं वाटायला उभं केलं होतं. दुपारी ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, येकदा बाईच्या हातानं वतून बघू की. हे तर पहिल्याहून उच्च झालंय."

मी म्हटलं, "आत्ता गर्दीत नको गं. नंतर बघू."

ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा पत्रकं वाटायला गेली.

प्रदर्शनात साहेब इतके खूश झाले, की परत येताना गाडीतच त्यांनी ठरवलं: हे मशीन शेडमध्ये परत न नेता प्रशिक्षकेच्या गावच्या गटाला वापरायला द्यायचं. चालवून बघतील, आपल्यालाही कळेल. इंजिनिअर हो म्हणाला. मिस्त्री या गाडीत नव्हते, ते एसटीनं पुढं गेले होते; मशीन घेऊन टेम्पो दुसऱ्या दिवशी निघणार होता. मी पुढच्या सीटवर बसले होते. मी वहीत लिहिलं: मशीन गटाला. आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला फोन करून वाट बदलायला सांगितली.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी प्रशिक्षकेचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. गटातली एक बाई, सगळ्यांत ठेंगणी, डब्यावर चढून तूर ओतत होती. डबा सरकला. तिनं आधारासाठी हात टेकला तो पट्ट्यावर. उजव्या हाताची दोन बोटं गेली. गावातल्या कुणाच्या तरी जीपमधून तिला लातूरला आणत होते.

मी म्हटलं, "येतेच." फोन ठेवला. आणि उठायच्या आधी वही उघडली.

हे मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. दवाखाना दहा मिनिटांवर होता आणि मी वही उघडून बसले होते. आपण काय लिहिलं होतं ते आधी बघायचं होतं मला. इंजिनिअरच्या पानावर नऊ इंच. मिस्त्रींच्या पानावर जाळी प्रदर्शनानंतर, आणि पुढे माझी बरोबरची खूण. प्रशिक्षकेच्या पानावर डबा. तिन्ही ओळी एकाच अक्षरात, एकाच पेनानं. इंजिनिअरला डब्याचं माहीत नव्हतं. प्रशिक्षकेला जाळी कधी लागणार हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं असेल, नव्या मशीनला जाळी नसतेच. मिस्त्रींना मशीन गावात जाणार हेच माहीत नव्हतं. मशीन शेडमध्ये परत आलं नाही तेव्हा त्यांना वाटलं, साहेबांनी कुठं दाखवायला नेलंय. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि एकट्या तुकड्यानं कुणालाच भीती वाटली नसती. तिन्ही तुकडे एकत्र असलेलं माणूस शेडमध्ये एकच होतं, मी.

दवाखान्यात साहेबांनी सगळं नीट केलं, त्याबद्दल कुणी बोट ठेवू शकणार नाही. चौथ्या दिवशी त्यांनी बैठक बोलावली. या वेळी सगळ्यांना एकदम बसवलं, प्रशिक्षकेलाही. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. माझ्या मांडीवर वही होती.

साहेबांनी विचारलं, "बायका डब्यावर चढून ओततात, हे कुणाला माहीत होतं का?"

इंजिनिअर मान हलवत म्हणाला, "सर, मला माहीत असतं तर मी पाय वाढवलेच नसते." त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

प्रशिक्षक म्हणाली, "मी ताईला सांगितलं व्हतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माझ्याकडे लेखी काही आलेलं नाही."

वाक्य खोटं नव्हतं. तिनं कधीच लेखी दिलं नव्हतं, तिनं फोनवर सांगावं हा नियम माझाच होता. मी ते वाक्य इतकं पटकन आणि इतकं नीट बोलले, की ते आधीपासून कुठेतरी तयार करून ठेवलेलं असावं. प्रशिक्षकेनं माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. आपण आणखी काही बोललो तर समोरची बाई आणखी काय बोलेल, याचा अंदाज तिला आला असावा.

साहेब म्हणाले, "डब्यावर चढू द्यायचंच नव्हतं. शिकवणाऱ्याची जिम्मेदारी असते ती." पुढच्या महिन्यापासून तिनं येऊ नये, असं ठरलं. बैठक एकवीस मिनिटांत संपली.

सगळे गेल्यावर मिस्त्री टेबलापाशी आले. आज हात धुतलेले होते, तरी बसले नाहीत.

"डब्याचं खरंच म्हाईत न्हवतं तुमाला?"

मी कागद आवरत होते.

"मला येक शब्द कानावर आला आस्ता ना ताई," ते म्हणाले, "तर मी मशीन शेडाच्या भायेर काढूच दिलं नस्तं. आडवा पडलो आस्तो." आणि ते निघून गेले. त्यानंतर ते मला ताई म्हणायचे थांबले. काम असलं की "मॅडम" म्हणतात.

पुढच्या रविवारी ते स्वतः औशाच्या बसनं त्या गावी गेले, मशीनचे पाय कापून आले आणि जाळी बसवून आले. मला हे इंजिनिअरकडून कळलं. तोही बरोबर गेला होता.

मला कुणी काहीच म्हणालं नाही. मी वेळेवर येत राहिले. बैठका चालू राहिल्या. वही बंद केली, असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी फक्त मधली रेघ मारणं बंद केलं.

अडीच-तीन महिन्यांनी ऑफिसच्या फोनवर नांदेडहून एका बाईंचा फोन आला. बचत गटांना शिकवण्याचं काम करणारी त्यांची संस्था होती. आमच्याकडे असलेली प्रशिक्षक त्यांच्याकडे कामाला अर्ज घेऊन आली होती. बाई आवाजानं भल्या वाटत होत्या. म्हणाल्या, "कामाची माहिती आहे त्यांना, बोलतातही छान. पण तुमच्याकडच्या अपघाताचं कानावर आलं. त्यांच्याच हलगर्जीपणामुळं झाला ना तो?"

एवढा सोपा प्रश्न. त्याला "नाही" एवढंच उत्तर होतं.

मी म्हणाले, "मी साहेबांना विचारून सांगते."

"परवापर्यंत सांगाल का? आम्हाला यादी पक्की करायची आहे."

"सांगते."

मी फोन ठेवला आणि मला स्वतःची किळस आली. पहिल्यांदा भीतीनं बोलले होते, असं म्हणता येईल. या वेळी तर समोर कुणी नव्हतं, साहेब नव्हते, मिस्त्री नव्हते. अनोळखी बाईसमोरही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. शिकवणारी बाई, हाती दुसरं काम नाही, मुलगी लातूरला बारावीला, हे सगळं मला माहीत होतं. तिच्याच पानावर लिहिलेलं होतं, कधीतरी सुट्टी मागताना तिनं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि औशाला उतरून जीपनं तिच्या गावी गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. गटाच्या सगळ्या बायकांसमोर सांगायचं, की तुमची बाई निर्दोष आहे, तिनं मला आधीच सांगितलं होतं. गावात तिचं नाव खराब झालं असेल, ते धुऊन काढायचं. मला ते फार धाडसाचं वाटत होतं.

गटाच्या खोलीत पाच-सहा बायका डाळ पाखडत होत्या. कोपऱ्यात निळं मशीन होतं, पाय कापलेलं, ठेंगणं झालेलं, जाळी लावलेलं. प्रशिक्षक पोतं शिवत होती. जिची बोटं गेली ती बाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि मला एकदम रडू आलं.

"आता गं बया," ती म्हणाली. "बोटं गेली ती माझी, तुमी कशाला रडायलाव?" बायका हसल्या. ती हात पुढे करून दाखवत म्हणाली, "भाकर थापता यीना झाली, येवढंच. सून थापती. जोड्याच्या तळावानी जाड थापती. खावं लागतंय गप."

"आत्याबाई, मी हितंच हाय," एक तरणी पोरगी सुपामागून म्हणाली.

"तू हायस म्हणूनच बोलायले."

मी डोळे पुसले आणि ठरवलेलं बोलून टाकलं. डब्याचं मला आधीच सांगितलं होतं, मी ते पुढे कुणाला सांगितलं नाही, चूक माझी आहे. बोलून झालं तरी खोलीत काहीच बदललं नाही. सुपं तशीच चालू राहिली.

प्रशिक्षकेनं सुई पोत्यात खोवली. "ताई, हे हितं सगळ्यास्नी म्हाईत हाय."

"काय?"

"मी तुमाला सांगितलं व्हतं ते. मी फोन लावला तवा ह्या सगळ्या हितंच बसल्या हुत्या. ह्यांनीच मला सांगा म्हणलं व्हतं." ती शांतपणे बोलत होती. "हितं माझं नाव खराब न्हाई झालं. झालंय ते तिकडं. तुमच्या साहेबाकडं आन् आता नांदेडला. आन् तिकडं तुमी काय बोललाव?"

मी पुन्हा तेच केलं होतं. जे ज्यांना आधीच माहीत आहे ते त्यांनाच सांगायला जीपमध्ये बसून आले होते, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यासमोर गप्प बसले होते.

"नांदेडच्या बाईंना मी अजून काहीच सांगितलेलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते मी लिहून देते. त्यांना आणि साहेबांना, दोघांनाही."

तिनं भुवया वर केल्या. "आता कशाला तुमी-आमी? आगं-तूगंच बरं हाय." आणि मग, "द्या लिहून."

मी पर्समधून कागद काढला आणि खोलीतच, डाळीच्या पोत्यावर ठेवून लिहायला लागले. सगळं लिहिलं. डबा, जाळी, नऊ इंच, तिन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. बैठकीत साहेबांनी विचारलं तेव्हा लेखी काही आलेलं नाही, असं मी म्हणाले आणि त्यामुळे दोष हिच्यावर गेला. पूर्वकल्पना हिनं मला दिली होती. खाली सही केली. कागद तिच्या हातात दिला तेव्हा मनावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याचीही लाज वाटली.

तिनं सावकाश वाचलं. ओठ हलत होते. एका ओळीवर बोट ठेवून ती थांबली.

"‘पूर्वकल्पना दिली होती’ म्हंजे कितींदा?"

"म्हणजे, दिली होती. त्या आठवड्याच्या फोनवर."

"फोनवर येकदा. नांदेडला स्टॉलवर दुसऱ्यांदा. आन् टेंपो हितं आला त्या दिशी पुना फोन केलता की. मशीन उतरवायच्या आधी. बायका म्हणायल्यात हे लई उच्च हाय, उतरवायचं का, म्हणून. तुमी काय म्हणलाव, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. मी बँकेच्या रांगेत उभी होते. मी म्हणाले होते, "हो गं, ते तुझ्या पानावर आहे."

वहीत ते कुठेच नव्हतं, कारण एकदा लिहिलेली गोष्ट मी पुन्हा लिहीत नसे. बोटं गेली त्या दुपारी मी वही उघडली तेव्हा मला तिच्या पानावर एकच ओळ दिसली होती, आणि तेवढीच चूक मी महिनोन्‌महिने उरात वागवत होते. उरलेल्या दोन वेळा मी तिला परत पाठवलं होतं, आणि त्याची माझ्याकडे नोंदसुद्धा नव्हती.

मी कागद परत घेतला. "पूर्वकल्पना दिली होती" खोडलं आणि वर लिहिलं, "तीन वेळा सांगितलं होतं." फोनवरचं माझं उत्तरही लिहिलं. कागदावर खाडाखोड दिसत होती. मी नवीन कागदावर स्वच्छ लिहून देते म्हणाले. ती म्हणाली, "नको. हाय तसाच ऱ्हाऊ द्या. ह्याच्याच दोन झेरॉक्स काढू, येक नांदेडला, येक साहेबाला."

मग ती उभी राहिली आणि पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली. सुपं थांबली. ती शाळेत धडा वाचतात तशी वाचत होती, प्रत्येक शब्द सुटा. मी पोत्याकडे बघत होते. ‘लेखी काही आलेलं नाही’ हे बैठकीतलं माझं वाक्य आलं तेव्हा भिंतीला टेकून बसलेली बाई म्हणाली, "थांब. ती वळ पुना वाच."

तिनं पुन्हा वाचली.